तीनशे आठ नंबर

तो दुकानात आला तेव्हा त्याला मी दिसलेच नाही. अगदी शब्दशः. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याच चष्म्याची निखळलेली काडी, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीवरच्या जाहिरातीत हसणाऱ्या बाईवर.

"मॅडम, हे आत्ताच्या आत्ता जोडून मिळेल का?" त्याने तिला विचारलं. "मला छपरावर चढायचंय."

"मिळेल," मी म्हटलं, "पण तिला नाही जमणार. इकडे या."

तो दचकून वळला. लाजला, आणि ते लपवायचा त्याने अजिबात प्रयत्न केला नाही. "सॉरी हं... चष्म्याशिवाय मला माणसं म्हणजे नुसते रंग दिसतात. तुम्ही पिवळ्या आहात."

"आणि तुम्ही निळे."

आमच्या दुकानात गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. मी काच मशीनखाली धरली. मायनस सात. झालं, त्याचं बारसं तिथेच झालं.

"या डोळ्यांनी छपरावर चढता?"

"डोळ्यांनी नाही चढत. शिडीने चढतो."

मालक गल्ल्यावर बसले होते म्हणून मी हसू गिळलं. स्क्रू शोधता शोधता त्याच्या निळ्या शर्टाच्या खिशावरचं चिन्ह दिसलं आणि माझा हात थांबला. डिश बसवणारी कंपनी. आमच्या घरी होती ती नव्हे, दुसरी. आमच्या कंपनीने त्याच आठवड्यात महिन्याचा दर साडेपाचशेवर नेला होता. फोन करून भांडले तर म्हणाले, तुम्ही आमच्या जुन्या ग्राहक आहात, सवलत फक्त नव्यांना. म्हणजे इतकी वर्षं न चुकता पैसे भरले, हाच माझा गुन्हा. माझ्या डोक्यात तो फोन अजून धुमसत होता.

"तुमच्या कंपनीचा दर काय हो महिन्याचा?"

"साडेतीनशे. नव्यांना."

"आणि नवं जुनं झालं की?"

त्याने मान खाजवली. मग म्हणाला, "हे चष्म्याचं दुकान आहे की कोर्ट?"

"चष्मा माझ्या हातात आहे. खरं सांगा."

"सहा महिन्यांनी साडेचारशे."

"वर्षभर साडेतीनशेच राहणार असेल आणि बसवायचे वेगळे पैसे पडणार नसतील तर बोला. नाहीतर हा स्क्रू मला आज काही सापडत नाही."

तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. त्या हसण्याने मालकांनीसुद्धा मान वर केली. "साहेबांना विचारतो," तो म्हणाला, "पण चष्मा आधी द्या. नाहीतर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी साहेबांना विचारेन."

मी चष्मा त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला, पापण्या उघडझाप केल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग, "अच्छा..." एवढंच म्हणाला आणि पैसे द्यायला गल्ल्याकडे गेला. मला उगाचच वाटलं की आज निदान केस तरी नीट बांधायला हवे होते.

साहेब तयार झाले आणि रविवारी तो आमच्या घरी आला.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि बाबा. बाबा टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले होते. मागच्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. त्यात उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळंच गेलं. समजायचं, पण ओठांपर्यंत येताना शब्द कुठे सांडायचे कुणास ठाऊक. उरला होता फक्त 'हांहां'. भूक लागली, हांहां. राग आला, हांहां. मी कामावर असताना त्यांच्याजवळ बसणारी आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, म्हणायची, "जन्मभर कुणाचं ऐकलं नाही दादाने, आता बघा, सगळ्याला हांहां." म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे टिपायची.

तो छपरावर गेला. मी टीव्हीसमोर उभी राहून खिडकीतून ओरडत होते.

"आलं का?" वरून आवाज.

"नाही!"

"आता?"

"आलं... आलं... गेलं!"

"मॅडम, उगाच आशा तरी लावू नका हो!"

"तुम्हीच हलवताय! जिथे होतं तिथे राहू द्या ना!"

"जिथे होतं तिथे मी नव्हतोच," तो म्हणाला. आत्या भाजी निवडता निवडता खुदकन हसली. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. वर वारा होता, त्याचा शर्ट फडफडताना खिडकीतून दिसत होता, आणि किती तरी महिन्यांनी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत होतं. बाबासुद्धा मान वर करून ऐकत होते.

मग चित्र आलं. स्वच्छ, पाण्यासारखं. तो खाली आला आणि नवा रिमोट अदबीने बाबांच्या डाव्या हातात दिला.

बाबांनी अंगठ्याने दाबलं. तीन. शून्य. आठ.

पडद्यावर एक बाई तवे विकत होती.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. तीन, शून्य, आठ. बाई म्हणाली, एकावर एक फुकट. बाबांनी तिसऱ्यांदा दाबलं, सावकाश, एकेक आकडा खात्री करून. बाई गेली नाही. तेव्हा त्यांनी रिमोट चादरीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

तीनशे आठ हा त्यांचा प्राण्यांचा चॅनल होता. बोलणारी माणसं त्यात फारशी नसत. दर कंपनीत नंबर वेगळे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण डोक्यात फक्त साडेतीनशे होते. बाबांना घास भरवावा लागायचा, कूस बदलून द्यावी लागायची, नाकसुद्धा पुसून द्यावं लागायचं. सबंध दिवसात एकच गोष्ट ते आपली आपण करायचे, आणि ती मी स्वस्तात विकून टाकली होती.

"काका, तो चॅनल आता आठशे एकवीसवर आहे!" तो जोरात म्हणाला. बाबांशी सगळेच असे जोरात बोलायचे. मग त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं. तो पलंगाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका... आठ, दोन, एक. करून बघता?"

बाबांनी करून पाहिलं. अंगठा गेला तो तीनवरच.

तो निघाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. दारात चपला घालता घालता म्हणाला, "येतो हं काका."

दुसऱ्या दिवशी बाबांनी व्यायाम केला नाही. दुपारी जेवले नाहीत. टीव्हीकडे तर पाहिलंसुद्धा नाही. मी संध्याकाळी घरी आले तर त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली, आणि बाबा तीत ताठ बसलेले.

"त्या छत्रीवाल्याची वाट बघतोय," आत्या म्हणाली. तिच्या लेखी डिश म्हणजे छत्री. "येतो म्हणाला ना काल."

"अगं आत्या, जाताना सगळेच येतो म्हणतात. जातो कोण म्हणतं?"

"ते तुला-मला. दादाला आता शब्द सरळच पोचतो. येतो म्हणाला ना? मग येणारच, असं त्याचं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांची नजर कडीवर होती. मला गलबलून आलं.

त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, कर्मचाऱ्याचा नंबर देता येत नाही, तसा नियम आहे. पाठवायचा असेल तर तक्रार नोंदवा. काय तक्रार आहे?

"चित्र..." मी म्हटलं, "चित्र हलतंय."

तो आला. टीव्ही लावला, मागे गेला, पुढे आला, चष्मा वर केला, खाली केला. "हलत नाहीये."

"माहितीये."

मग मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला तेव्हा तो नजर वळवून रिमोटकडे पाहत राहिला, म्हणजे मला सावरायला वेळ मिळावा. ऐकून झाल्यावर पिशवी खाली ठेवली, बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आलो."

"हांहां," बाबा म्हणाले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

त्यानंतर आमच्या घरातून तक्रारींचा सपाटा सुरू झाला. आवाज फाटतो. रंग फिके येतात. रिमोट अडकतो. मी मेली इतकी खोटारडी कधीपासून झाले, माझं मलाच कळेना. तो कामं आटोपून संध्याकाळी यायचा, बाबांसमोरच्या स्टुलावर बसायचा, दिवसभरात कुठल्या कुठल्या छपरांवर गेला ते सांगायचा. कुणाच्या गच्चीवर कासव होतं, कुठे एक म्हातारी डिशमध्ये पाणी ओतून चिमण्यांना देत होती. मधूनच म्हणायचा, आठ, दोन, एक. बाबांचा अंगठा मधूनच जायचा, तीनवर.

त्याने आपल्या साहेबांना विचारून पाहिलं, नंबर बदलता येत नाही म्हणाले. मग त्याने रिमोटवर एक बटण असं लावून दिलं की ते दाबलं की थेट प्राण्यांचा चॅनल यावा. बाबांनी ते एकदा दाबलं. प्राणी आले. बाबांनी टीव्ही बंद केला.

"कळलं," तो मला स्वयंपाकघराच्या दारात हळूच म्हणाला, "त्यांना चॅनल नकोय. स्वतः लावलेला चॅनल हवाय."

चहा उतू गेला.

एका संध्याकाळी झिमझिम पाऊस होता. पडद्यावर सिग्नल नाही अशी पाटी आली, आणि त्या दिवशी माझी तक्रार पहिल्यांदाच खरी ठरली. तो भिजत आला. चष्मा एका बाजूला कलला होता, नाकावरून घसरत होता.

"काढा तो. हल्ली छपरावर डोक्याने चढता का?"

त्याने चष्मा काढून दिला. मी काडी गरम पाण्याखाली धरली, वाकवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर चढवून पाहिली. आमच्या धंद्यात हे रोजचंच. शेकडो कानांमागे बोटं फिरवून पाहिलीत मी, टोचतंय का, ढिलं आहे का. त्या दिवशी मात्र त्याच्या ओल्या कानामागे माझी बोटं पोचली आणि मला पुढचं वाक्यच आठवेना.

"टोचतंय का विचारायचं असतं," तो पुटपुटला.

"टोचतंय?"

"नाही."

"मग... ठीक आहे."

"अजून एकदा बघा," तो म्हणाला, "डावीकडे जरा..."

डावीकडे काहीही नव्हतं. तरी मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी, पाऊस थांबल्यावर, त्याने पिशवीतला पेचकस चाळवत ते सांगितलं. जणू हवापाण्याचं काही सांगतोय अशा सुरात. "पुढच्या महिन्यात कदाचित मी या भागात नसेन."

"म्हणजे?"

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला टाकतील. साहेब म्हणाले, आणखी एक तक्रार आली तर."

"कुणाच्या आहेत एवढ्या तक्रारी?" विचारून झाल्यावर मला कळलं. हातातली कपबशी मी ओट्यावर ठेवली. त्याच्या कागदावर आमच्या घराच्या पत्त्याची रांग लागली असणार. आवाज फाटतो, रंग फिके येतात, रिमोट अडकतो. त्याला बोलवायला मी जे जे केलं ते सगळं त्याच्याच अंगावर जाऊन पडलं होतं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडले. "मला सांगायचं ना! मी खोट्या तक्रारी करतेय आणि तुम्ही..."

"खोट्या कुठे?" तो म्हणाला. "चित्र खरंच हलत होतं."

मला रडू आलं. तो गोंधळला. त्याने खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं, आमच्याच दुकानातलं, आणि ते माझ्यापुढे धरलं.

"ऐका," तो म्हणाला. "आमची कंपनी सोडा. जुन्या कंपनीकडे परत जा. गिऱ्हाईकच गेलं तर तक्रारी संपल्या, माझंही निभेल. आणि काकांना त्यांचा तीनशे आठ मिळेल. तो त्यांना मिळायलाच हवा. गेले कित्येक दिवस मी यायचो, गप्पा मारायचो आणि त्यांचा नंबर तिकडे दुसऱ्या कंपनीत पडून होता... मला हे आधीच सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलं?"

त्याने पेचकस पिशवीत टाकला, पुन्हा बाहेर काढला. "सांगितलं असतं तर माझं येणं संपलं असतं."

खोलीत फक्त बाबांच्या श्वासाचा आवाज होता. मला चांगलं माहीत होतं की तो म्हणतोय ते बरोबर आहे. बाबांचा नंबर परत आला की हा माणूस या स्टुलावर बसायचा नाही. यातलं एकच मिळणार होतं, आणि कुठलं घ्यायचं यात मला निवडच नव्हती.

"ते मला साडेपाचशेला लुटतील," मी नाक पुसत म्हटलं.

"छे. सोडून गेलेलं माणूस परत येतंय म्हटल्यावर ते दर पाडतात. फक्त गरज दाखवायची नाही. काकांचं नाव काढायचं नाही. तुमच्यावाचून आमचं अडलेलं नाही, असा आवाज लावायचा. त्यांनी आकडा सांगितला की गप्प बसायचं. गप्प बसणं फार महागात पडतं त्यांना."

"आणि मला?"

"तुम्हाला मी आहे ना खुणा करायला."

रविवारी सकाळी तो शेवटचा आला. म्हणजे, शेवटचा असं आम्ही दोघंही म्हणालो नाही. आत्या आंघोळीला गेली होती, बाबा खुर्चीत होते. मी टेबलावर फोन ठेवला, आवाज मोठा केला, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसलो. त्याने चष्मा पुसून शेजारी ठेवला. एवढ्या जवळून चष्म्याशिवायही नीट दिसता तुम्ही, म्हणाला.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज पोक्त, जरा थकलेला. मी सांगितलं, परत यायचा विचार करतेय, पण तुमचे दर ऐकूनच ठरवेन. त्या म्हणाल्या, चारशे ऐंशी. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसले. त्या बोटाकडे पाहत गप्प बसणं सोपं होतं.

"...चारशे वीस करता येईल, मॅडम."

बोट हललं नाही. बाबासुद्धा श्वास धरून ऐकत होते.

"चारशे. याच्याखाली मला जाता येत नाही. बरं, सध्याच्या कंपनीत काय त्रास आहे ते कळलं तर वर विचारून बघते."

त्याने घाईघाईने खुणा केल्या. स्वतःकडे बोट दाखवलं, मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली, मान नकारार्थी हलवली. सांग, त्यांचा माणूस वेळेवर येत नाही. सांग, वाईट आहे.

मी तोंड उघडलं. पण शब्द बाहेर येईनात. बाबांना रोज काय होत असेल ते मला त्या क्षणी कळलं.

"मॅडम? सर्व्हिस चांगली नाही का?"

"नाही... म्हणजे, तसं नाही. माणूस चांगला आहे."

त्याने कपाळावर हात मारला.

"खूप चांगला आहे," मी म्हटलं. आता थांबणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. "बोलावलं की येतो. भिजत येतो. माझ्या वडिलांशी माणसासारखं बोलतो. आम्ही वाट बघतो त्याची."

"मग सोडताय कशाला?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"माझ्या वडिलांना फक्त तुमचाच नंबर लावता येतो म्हणून. आणि आम्ही राहिलो तर त्याचं नुकसान होतं म्हणून. वडिलांच्या भल्याचं आहे, त्याच्या भल्याचं आहे. माझ्या नाही. मला तो रोज यायला हवाय. पण हे तुमच्या दरात बसणार नाही, तेव्हा सोडा. तुम्ही चारशे म्हणा, मी देते."

त्याचा चेहरा... मी त्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही. तो पुढे झाला आणि फोनवर ओणवा होऊन म्हणाला, "ताई, मी तोच माणूस. एक मिनिट जरा होल्डवर राहाल का?" त्याने फोनवर चाचपडत एक बटण दाबलं आणि माझ्याकडे वळला.

"गरज दाखवायची नाही म्हटलं होतं मी."

"मला नाही जमलं."

"मलाही नाही जमत," तो म्हणाला. "पहिल्या रविवारी मी वायरचं एक भेंडोळं तुमच्या खिडकीत मुद्दाम विसरलो होतो. न्यायला यायचं निमित्त म्हणून."

"त्याची दोरी बांधून आत्या कपडे वाळत घालते."

"बघितलंय मी. म्हणून तर निमित्त बोंबललं." तो हसला नाही. "मला तुम्ही आवडता. दुकानात तुम्ही माझा चष्मा ओलीस ठेवला होता ना, तेव्हापासून. हे तुमच्याकडून आधी ऐकायला लागलं याची मला लाज वाटतेय."

मी खाली पाहिलं. मग जे सांगायचंच होतं ते सांगितलं. "मला बाबांना सोडून कुठे जाता येणार नाही. आत्ता नाही, आणि पुढे किती वर्षं ते माहीत नाही. एकाला हे सांगितलं होतं पूर्वी. तो समजून घेतो म्हणाला, आणि मग फोन उचलायचा बंद झाला."

"तुम्हाला कुठे जायला सांगतोय कोण?" तो म्हणाला. "छपरं सगळीकडे असतात. मी येईन. राहायला सांगाल तेव्हा राहीन." आणि मग अडखळत, "गिऱ्हाइकाला स्वतःचा नंबर द्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. पण पाच मिनिटांत तुम्ही आमच्या गिऱ्हाईक राहणार नाही. ...देऊ?"

"द्या."

तेवढ्यात फोनमधून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी फोनकडे पाहिलं. त्याने चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. होल्डचं बटण दाबलंच गेलं नव्हतं.

"साडेतीनशे करते," बाई म्हणाल्या. "वर्षभर. वर कोणी विचारलं तर मी बघून घेईन. आणि मॅडम... नंबर नीट लिहून घ्या हो."

आठवडा संपायच्या आत जुनी डिश परत लागली. ती लावायला त्यांचा माणूस आला होता, आणि आपली डिश उतरवून न्यायला हा. दोघं छपरावर शेजारी शेजारी काम करत होते. त्यांचा माणूस गेला, तरी हा हात धुऊन दारातच उभा राहिला, शर्टाची बाही खाली ओढत. आज त्याला कुणी पाठवलेलं नव्हतं. आत जायचं तर काय म्हणून जायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

बाबांनी रिमोट घेतला. आत्या पदर तोंडाशी धरून उभी. तीन. शून्य. आठ.

पडद्यावर पाणमांजर उताणं तरंगत होतं, पोटावर पिल्लू घेऊन. बाबांनी पाहिलं. मग बंद केलं आणि पुन्हा लावलं, फक्त लावता येतं हे बघायला. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं, आणि मी पुसायला पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला व स्वतःच्या मनगटाने पुसलं.

मग त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात तो होता, अजून बाहीशी खेळत. बाबांचे ओठ हलले. मला वाटलं, हांहां म्हणतील. ओठ पुन्हा हलले, मिटले, जुळले. गळ्याची शीर ताठ झाली. आत्याने माझा दंड घट्ट धरला.

"बस," बाबा म्हणाले.

बसा नव्हे. पाहुण्याला म्हणतात ते नव्हे. बस. घरच्या मुलाला म्हणतात तसं.

आणि तो आत येऊन बसला.